आफ्रिकेतल्या गावात कामाला जायचंय? तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

गेल्या अंकात दापोलीकडच्या एका मुलाचं पत्र छापलं होतं, केनियातल्या एका खेड्यात राहून बंधाऱ्याच्या कामाला हात लावून आला त्याचं. तेव्हापासून ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर नुसता प्रश्नांचा ढीग. मी पाण्याच्या कामानिमित्त केनियातल्या मकुएनी भागात राहिलेलो असल्यामुळे संपादकांनी तो ढीग उचलून माझ्या अंगावर टाकला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलंय तेवढं घेतोय. नावं छापत नाही, फक्त गावं.

काका, मी बी.एस्सी. झालेय, सध्या घरीच आहे. इन्स्टावर एका एजन्सीची जाहिरात बघितली. घानामधल्या खेड्यात तीन आठवडे राहायचं, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि शाळेची भिंतपण बांधायची. फी दीड लाख, विमानाचं वेगळं, शेवटी सर्टिफिकेट. बाबा म्हणतात फसवणूक आहे. मला मनापासून जायचंय. (कुडाळ)

बाबा अर्धे बरोबर आहेत. पैसे घेऊन पळतील असं नाही, अशा बहुतेक एजन्स्या खरंच नेतात, राहायला देतात, मुलांबरोबर फोटो काढू देतात आणि परत आणून सोडतात. पण तू जे विकत घेतेयस ती सहल आहे, काम नाही. काम असतं तर त्यांनी आधी तुला विचारलं असतं की बाई तुला येतं काय.

आता भिंतीचं घे. तू आजवर किती चिरे लावलेस? ओळंबा धरलायस कधी? राग मानू नको, पण घानाच्या खेड्यात गवंडी आहेत, आणि हाताला काम नाही म्हणून बसलेली तरणी पोरंपण आहेत, तुझ्या विमानाच्या तिकिटात त्यातल्या चारजणांना कितीतरी दिवसांची मजुरी मिळाली असती. टांझानियात शाळकरी मुलींचा असाच एक ग्रुप बांधकामाला गेला होता, त्यातल्या एकीने नंतर लिहिलं की आम्ही दिवसभर लावलेल्या विटा इतक्या वाकड्या असायच्या की गावची माणसं रात्री त्या काढून पुन्हा लावायची, आम्हाला कळू न देता. ते लिखाण खूप फिरलं आणि फिरायलाच पाहिजे होतं.

आणि अनाथाश्रम तर नकोच. इथे मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही. युनिसेफपासून सगळ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगून दमल्या की जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, दोघांतलं कोणीतरी जिवंत असतं. गरिबीमुळे मुलं तिथे येतात, आणि काही ठिकाणी परदेशी पाहुणे पैसे घेऊन येतात म्हणून मुलं गोळा करून आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारा मुलांचा हा व्यापारसुद्धा त्यात धरला. केनियाने २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली. शिवाय तू तीन आठवडे राहणार, चार वर्षांचं पोर तुझ्या गळ्यात पडणार, मग तू जाणार आणि दुसरी ताई येणार. त्या पोराने वर्षाला किती वेळा असं तुटायचं?

तरी जायचंच असेल तर एजन्सीला सरळ मेल टाकून विचार की गावातल्या कोणी हे काम मागितलंय, दीड लाखातले गावात किती उतरतात, मी गेल्यावर तो वर्ग कोण घेणार, आणि माझं पोलीस व्हेरिफिकेशन तुम्ही मागणार आहात की नाही. शेवटचा प्रश्न विसरू नको. जी संस्था अनोळखी माणसाला पोलिसांचा दाखला न मागता मुलांमध्ये सोडते तिच्या बाकीच्या उत्तरांची वाटच बघायला नको.

त्यापेक्षा यूएन व्हॉलंटिअर्स म्हणून संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम आहे, १९७० पासूनचा, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. तिथे तू फी भरायची नसते, उलट राहण्याखाण्यापुरता भत्ता ते तुला देतात. १८ ते २६ वयासाठी वेगळा गट आहे. जागा कमी, स्पर्धा भरपूर, पण अर्ज करून ठेव. आणि त्यांचीच ऑनलाइन सेवा आहे, कुडाळात बसून एखाद्या आफ्रिकन संस्थेचे आकडे नीट लावून देणं, पोस्टर करून देणं असली कामं, बी.एस्सी.वालीला सहज जमतील. इन्स्टाला टाकण्यासारखा फोटो मात्र मिळणार नाही.

लांज्यात मे महिन्यात टँकर येतो. आमच्या वाडीवर पोरं नाहीत, म्हातारी माणसं आहेत. आणि तुम्ही आफ्रिकेच्या गोष्टी छापताय. इथे काम संपलं का? (लांजा)

नाही संपलं. पण हा प्रश्न ज्या सुरात विचारलाय तो सूर मला पटत नाही. ज्याला आफ्रिकेत जायचंय तो न गेल्यामुळे लांज्याच्या विहिरीत पाणी येणार आहे का? बहुतेकवेळा तो माणूस घरी बसून मॅच बघणार आहे.

पण तुमचं पत्र घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. बाहेरून आलेल्या माणसाने गावाचं भलं करायचं म्हणजे काय होतं हे कोकणी माणसाएवढं कोणाला कळणार? आपले चाकरमानी गणपतीत येतात, मुंबई मंडळाची मीटिंग देवळात बसते, वर्गणी जमलेली असते, आणि ठरतं काय तर सभामंडपाला टाइल्स. वर्षभर गावात राहणारी माणसं मागे उभी असतात, त्यांना नळाचा पंप दुरुस्त करून हवा असतो, पण पैसे मुंबईचे म्हटल्यावर बोलायचं कसं. चाकरमानी काही वाईट नसतो, मनाने चांगलाच असतो, त्याला फक्त अकरा दिवसांतलं गाव दिसतं. आफ्रिकेत गेलेला व्हॉलंटिअर म्हणजे त्या गावचा चाकरमानीच, फरक एवढाच की त्याचं तिथे घरपण नाही आणि भाऊबंदपण नाहीत त्याला तोंडावर बोलायला.

आणि तिकडे लोक आपली वाट बघत हातावर हात ठेवून बसलेत असंही नाही. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खा देश श्रमदानाला उतरतो, उमुगांडा म्हणतात त्याला, रस्ते, गटारं, झाडं, जे ठरेल ते, आणि १८ ते ६५ वयाच्या माणसांना ते कायद्याने बंधनकारक आहे. सक्ती बरोबर की नाही यावर वाद होऊ शकतो. आपल्याकडे ग्रामसभेला कोरम जमत नाही, त्यामुळे मी वाद घालत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, ज्युनिअर इंजिनिअर होतो. तब्येत ठणठणीत आहे. गेल्या अंकातल्या मुलाने ‘वाळूचा बंधारा’ असं लिहिलंय ते नेमकं काय? आणि माझ्यासारख्याचा तिथे उपयोग आहे का? (चिपळूण)

सर, तुमच्यासारख्यांचाच उपयोग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केनियात नैरोबीच्या आग्नेयेला मचाकोस, मकुएनी, कितुई हा सगळा पट्टा, उकांबानी म्हणतात. पाऊस दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, पण भरवशाचा नाही. नद्या वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या. पाऊस आला की तासाभरात लोंढा येतो, वाळू घेऊन धावतो आणि संपतो. आता आपण वनराई बंधारा घालतो तो पावसाळा संपल्यावर, रिकाम्या सिमेंटच्या गोणीत माती भरून व्हाळ अडवायचा, आणि पुढच्या पावसात तो गेला तरी कोणी रडत नाही. तिकडे उलटं आहे. भिंत कायमची, दगड आणि सिमेंटची, आणि अडवायची ती वाळू. पात्रात जिथे खडक वर आलाय ती जागा शोधायची, खडकापर्यंत खोदायचं, आडवी भिंत घालायची, भिंतीची दोन टोकं, म्हणजे पंख, दोन्ही काठांत नीट आत घुसवायचे. एकदोन किंवा तीन पावसाळ्यांत भिंतीमागे वाळू काठोकाठ भरते. झालं, बंधारा पूर्ण. पाणी वाळूच्या कणांमधल्या जागेत राहतं, भरलेल्या वाळूच्या साधारण २५ ते ४० टक्के. वर कितीही ऊन तापलं तरी ते फारसं वाफ होऊन जात नाही, डास अंडी घालत नाहीत, गुरं उतरून घाण करत नाहीत. आपल्या खात्यात धरणात भरलेला गाळ म्हणजे डोकेदुखी, तिकडे वाळू भरायची वाट बघतात, पहिल्यांदा बघितलं की गंमत वाटते.

बंधारा नसेल तिथे बायका काय करतात ते बघितलं तर कळेल त्याचं महत्त्व. कोरड्या पात्रात हातभर, कधी पुरुषभर खड्डा. तळाशी वाटीभर पाणी जमतं. एकजण आत उतरून कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने ते चमचा चमचा म्हणावं तसं उपसते आणि पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमध्ये ओतते, वाळू खाली बसू देते, परत थांबते, परत उपसते. खड्ड्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण, बकऱ्या येऊ नयेत म्हणून. रांगेत पुढचे पिवळे कॅन लावलेले, माणूस नसलं तरी कॅनचा नंबर कोणी मोडत नाही. बंधारा झाला की तेच पाणी हाताच्या अंतरावर येतं, कुठे काठावर हातपंप बसवतात, कुठे भिंतीतून पाइप काढून खाली नळ.

हे काम नुसतं बाहेरच्यांच्या जिवावर चाललेलं नाही बरं का. जोशुआ मुकुस्या नावाच्या तिथल्याच माणसाने १९७८ मध्ये ऊतूनी गावात शेजाऱ्यांचा गट बांधून सुरुवात केली, आणि अजून काम गटच करतो, त्यातपण बायकाच जास्त. दगड गोळा करायलाच महिने जातात. संस्था सिमेंट, सळई आणि तांत्रिक माणूस देते. मग काठावरच्या उतारावर चर खणून माती वरच्या अंगाला टाकत पायऱ्या करतात, ते नाही केलं तर सगळं फुकट.

तुमचं काम नेमकं इथे आहे. दगड वाहायला तुमची गरज नाही. पण जागा चुकली की बंधारा गेला. वरच्या पाणलोटात बारीक चिकण माती असेल तर मागे वाळूऐवजी गाळ भरतो आणि गाळ पाणी धरतो पण सोडत नाही. पंख तोकडे राहिले तर नदी बाजूने काठ खाऊन निघून जाते आणि भिंत मधे उभी राहते एकटी. सांडवा किती ठेवायचा, पाया खडकाला लागलाय की नुसत्या मोठ्या दगडाला, हे तीस-पस्तीस वर्षं व्हाळ-नद्या बघितलेल्या डोळ्याला चटकन दिसतं. फक्त तिथल्या इंजिनिअरच्या हाताखाली जायची तयारी ठेवा. तो वयाने तुमच्या मुलाएवढा असेल आणि त्याला ती नदी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. ही अट रिटायर्ड साहेबलोकांना जड जाते, मी बघितलंय.

आणि वाळूचोर तिकडेपण आहेत हो! नैरोबीच्या बांधकामांना लॉऱ्या भरभरून वाळू जाते. मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळू राखण्याचा वेगळा कायदाच केला, कारण वाळू गेली की पाणी गेलं हे तिथे शेंबड्या पोराला कळतं. आपल्या खाडीकाठी हे कोणाला पटवून द्यायचं ते सांगा मला.

हातपंपाचंपण सांगतो, कारण यात आपल्या महाराष्ट्राचं नाव आहे आणि फारसं कोणाला माहीत नाही. आफ्रिकेतल्या गावागावात जो ‘इंडिया मार्क टू’ पंप दिसतो त्याचे पूर्वज जालना आणि सोलापूरचे. बिडाचे जुने पंप सारखे मोडायचे म्हणून जालन्यात मिशनच्या लोकांनी पंप सुधारला, मग सोलापुरात त्याच्यावर अजून काम झालं, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफने तोच धागा धरून मार्क टू तयार करून घेतला. पंप मजबूत आहे, पण बिघडला की लोखंडी पाइपांची जड माळ वर ओढायला लागते, ते काम गावातल्या चार बायकांना जमत नाही, मेकॅनिक यावा लागतो, आणि मेकॅनिक तालुक्याला. म्हणून ऐंशीच्या दशकात पूर्व आफ्रिकेत ‘ॲफ्रिडेव्ह’ आला, पीव्हीसी पाइप, एका पान्यात उघडणारा, गावानेच दुरुस्त करायचा म्हणून. शिवाय जांभ्याच्या मुलखात पाणी थोडं आम्लधर्मी असतं, तिथे जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप गंजून लाल पाणी येतं, हे तुम्हाला चिपळुणात सांगायला नको आणि आफ्रिकेतपण जांभा भरपूर आहे. २००९ च्या सुमाराला एक अंदाज निघाला होता की सहाराच्या खालच्या आफ्रिकेतले साधारण तिसरा हिस्सा हातपंप बंद पडलेले आहेत. पंप बसवताना फोटोला सगळे असतात, वॉशर बदलायला कोणी नसतो.

सगळ्यात मोठं सोंग झालं ते प्लेपंपचं. मुलं गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळणार आणि त्याने पाणी टाकीत चढणार, कल्पना ऐकायला इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. मुलं खेळून कंटाळली, आणि मग डोक्यावर कॅन घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बायका वाकून वाकून ते चक्र ढकलायला लागल्या. काही वर्षांत गाशा गुंडाळला. त्या बायकांना आधी कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला पंप कसला हवाय.

मुलगा युगांडाला सहा महिने एका संस्थेबरोबर जातोय. मला रात्रभर झोप नाही. कोणते रोग, कोणती इंजेक्शनं? (गुहागर)

ताई, पहिलं यलो फिव्हरचं इंजेक्शन. युगांडा, केनिया, इथिओपिया, घाना, सगळीकडे हा विषय आहे. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रावरच मिळतं, मुंबईत आहे, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयातपण आहे, आधी फोन करून तारीख घ्यायची. एक डोस, २०१६ पासून तो जन्मभर चालतो. पण सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. आणि येतानापण ते पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत पाहिजे, नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं.

दुसरं मलेरिया, आणि हे यलो फिव्हरपेक्षा जास्त मनावर घ्या. जगातले मलेरियाचे नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंट आफ्रिकेत, आणि तिकडचा मुख्यतः फाल्सिपेरम, मेंदूत जाणारा. मच्छरदाणी रोज, आणि डॉक्टर देतील ती गोळी न चुकता. बऱ्याचदा डॉक्सीसायक्लिन देतात. आता आपल्याकडे लावणीच्या दिवसात लेप्टोसाठी आरोग्यसेविका तीच गोळी वाटत फिरतात त्यामुळे मुलगा म्हणेल आई मला माहितेय, आठवड्याला एकदा. तसं नाही. मलेरियासाठी ती रोज घ्यायची असते, जायच्या एकदोन दिवस आधीपासून आणि परत आल्यावरसुद्धा चार आठवडे. आणि घरी आल्यावर ताप आला तर गुहागरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी आफ्रिकेतून आलोय, नाहीतर ते बिचारे लेप्टो-डेंग्यूच शोधत बसतील.

तिसरं तुमच्याच तालुक्यातलं आहे. कोकणातल्या पोराला पाणी दिसलं की उडी मारायची सवय. व्हिक्टोरिया तलाव, मलावी तलाव, तिकडची डबकी, यात बिल्हार्झिया रोगाच्या जंतांच्या अळ्या असतात, गोड्या पाण्यातल्या बारीक गोगलगायीतून निघून नुसत्या कातडीतून अंगात शिरतात, पुढे लघवीतून नाहीतर शौचातून रक्त जाऊ शकतं. औषध आहे, प्राझिक्वांटेल. पण उडी न मारणं सोपं. आणि गंमत म्हणजे भारतात हा रोग कुठे सापडला म्हणून वैद्यकीय पुस्तकांत ज्या गावाचं नाव येतं ते गुहागर तालुक्यातलं गिमवी, डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ मध्ये ते मांडलं. मुलाला हे सांगा, आफ्रिकेचं नाव काढून जेवढा घाबरणार नाही तेवढा गिमवीचं ऐकून घाबरेल.

बाकी झोप घ्या ताई. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तुम्ही रात्री दहाला फोन केलात तर त्याची संध्याकाळ असेल.

आमच्या महिला मंडळान जुनी कापडा जमवली हत, धुवन, इस्त्री करून ठेवली हत. ती आफ्रिकेत पाठवची आसत. खय आणि कशी पाठवची? (आचरा)

नका पाठवू गो बायांनो. मेहनतीचं कौतुक आहे, पण जगभरातले जुने कपडे आधीच गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी तिकडे जाऊन पडतात, नैरोबीचा गिकोंबा बाजार बघितलात तर डोळे फिरतील. त्या कपड्यांपुढे तिकडच्या गिरण्या आणि शिंपी टिकेनात म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ठरवलं की ही आयात हळूहळू बंद करायची. अमेरिकेने व्यापारातल्या सवलती काढायची धमकी दिली तसे बाकीचे मागे सरले, रवांडा तेवढा अडून राहिला आणि २०१८ मध्ये त्याची कपड्यांवरची सवलत गेलीच. पाठवण्याचं भाडंच कपड्यांपेक्षा जास्त होईल ते वेगळं. चांगल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवा आणि इथेच विका, पैशाचं काय करायचं ते मग बघू.

माझं काजूचं छोटं युनिट आहे. आमच्याकडे बी आयव्हरी कोस्टवरून पण येते. तिकडच्या गावात जाऊन लोकांना प्रोसेसिंग शिकवावं असं मनात आहे. वेड्यासारखं आहे का? (वेंगुर्ले)

वेड्यासारखं अजिबात नाही, आलेल्या सगळ्या पत्रांत मला हेच आवडलं. आयव्हरी कोस्ट आज जगात सगळ्यात जास्त काजू बी पिकवतो, वर्षाला दहा लाख टनांच्या वर, आणि त्यातली बरीचशी फोडायला व्हिएतनाम आणि भारतात येते. म्हणजे तिकडची बाई बी वेचते आणि कमाई होते ती आपल्या आणि व्हिएतनामच्या कारखान्यात.

यात आपला हातपण स्वच्छ नाही हे माहीत असू द्या. मोझांबिकमध्ये एकेकाळी काजूचे मोठे कारखाने होते. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या दबावाखाली सरकारने कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवला, बी सरळ भारतात यायला लागली, तिकडचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. आपल्या कारखान्यांना तेव्हा बी मिळाली. तुम्ही शिकवायला गेलात आणि एखाद्या म्हाताऱ्या कामगाराने हे ऐकवलं तर गप ऐकून घ्या.

शिकवण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे. बी किती वाळली की बॉयलरला लावायची, किती वेळ वाफ, कटिंगला अख्खा गर कसा सुटतो, चिकाने हात जळू नयेत म्हणून तेल नाहीतर राख कशी लावायची, साल काढताना तुकडा का होतो, आणि २४० आणि ३२० या गराच्या आकाराच्या प्रतींमधला फरक नुसत्या बोटाला कसा कळतो. हे यूट्यूबवर बघून येत नाही, बाजूला बसूनच येतं. आणि त्याहून मोठं म्हणजे कलम. तिकडची बरीच झाडं बीपासून लावलेली, उत्पन्न कमी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने जे काजूकलमाचं तंत्र आपल्या शेतकऱ्यांच्या हातात दिलं ते तिकडच्या मातीत, तिकडच्याच चांगल्या झाडाच्या काड्या घेऊन करता येतं. फक्त इथून वेंगुर्ला-चार किंवा सात जातीच्या काड्या खिशात घालून नेऊ नका, झाडांच्या रोगांचे कायदे कडक आहेत आणि योग्यच आहेत.

एकट्याने जाऊ नका. घानात अक्राला आफ्रिकन कॅशू अलायन्स ही काजूधंद्यातल्यांची संघटना आहे, त्यांच्यामार्फत एखादा गट किंवा छोटं युनिट स्वतःहून बोलावतंय का ते बघा. पहिल्यांदा दोनजणांना इकडेच बोलवा, तुमच्या युनिटमध्ये एक सीझन बसू दे. आयव्हरी कोस्टला फ्रेंच चालतं, तेवढी अडचण आहे.

मला इंग्रजी येत नाही. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सोलर बसवतो. माझ्यासारख्याने असली स्वप्नं बघायची की नाही? (संगमेश्वर)

राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं. तिथे आफ्रिकेतल्या खेड्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या, आज्या झालेल्या बायका सहा महिने राहिल्या आणि सोलर इंजिनिअर होऊन परत गेल्या, खर्च परदेशी लोकांना प्रशिक्षण देण्याच्या आपल्या सरकारच्या आयटेक योजनेतून. कोणी स्वाहिली बोलणारी, कोणी फ्रेंच, कोणी दोन्ही न येणारी, शिकवणारे राजस्थानी. रंगाच्या खुणा, हातवारे आणि समोर सर्किट. त्या शिकल्या तर तू शिकवशील. आधी तिलोनियालाच एक चक्कर टाक, मुंबईहून रेल्वे आहे, आणि बघ तिथे कसं शिकवतात ते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम केलं तर चालतं का? आणि तिकडच्या संस्थेला पैसे दिले तर टॅक्समध्ये सूट? (रत्नागिरी)

पहिल्याला बहुतेक ठिकाणी नाही. पगार नसला तरी कामाला काम म्हणतात. संस्थेने लेखी सांगितलं पाहिजे की कोणता परवाना काढायचा आणि तो ते काढून देणार आहेत. “सगळे टुरिस्टवरच येतात” म्हणणाऱ्या संस्थेला रामराम करायचा. दुसऱ्यालापण नाही, परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळत नाही.

मासे मिळतात का हो तिकडे? (हर्णै)

शेवटी एक तरी माणसासारखा प्रश्न आला. मिळतात. व्हिक्टोरिया तलावात चांदीसारखी बारीक मासळी मिळते, केनियात ओमेना आणि टांझानियात डागा म्हणतात, उन्हात वाळवून पोत्यांनी देशभर जाते. किनाऱ्यावर वाळूतच पसरलेली असते, आता काही ठिकाणी उंच जाळ्यांवर वाळवतात, त्यात वाळू राहत नाही आणि भाव चांगला येतो. आपल्या हर्णैच्या बायकांना यावर तिकडच्या बायकांशी दोन तास बोलता येईल. कांदा-टोमॅटोत शिजवतात आणि मक्याच्या घट्ट पिठाच्या उगालीबरोबर खातात, मिरची नाही म्हटलं तरी चालेल. मसाला घरून न्या, डबल पिशवीत बांधून, कस्टमवाल्याला उघडून दाखवायची तयारी ठेवा. आमसुलं नेली तर नेली, उकांबानीत चिंचेची झाडं भरपूर आहेत, अडत नाही.